विंडोज चालतं ना?

छपाईच्या धंद्यात मॅकला मान आहे, आणि तो त्यानं कमावलेला आहे. १९८५ मध्ये आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं ते आधी मॅकिंटॉशवर. त्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आला, आणि खिळे न जुळवताही पान बांधता येतं हे जगानं पाहिलं. विंडोजवरचं पेजमेकर आलं १९८७ मध्ये. यवतमाळला हे सगळं पोचेपर्यंत नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आणि पोचलं ते विंडोजबरोबरच. माझ्या काकांची खिळ्यांची प्रेस होती. ट्रेडल मशीन पायानं चालवणारी पिढी ती. त्यांच्याच जागेत मी एक असेम्बल केलेला पीसी, एक लेझर प्रिंटर आणि पुढे एक मिनी ऑफसेट टाकलं. मॅक मी तेव्हा फक्त मासिकातल्या जाहिरातीत पाहिला होता.

आमचं काम म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं. त्यासाठी तीन गोष्टी लागायच्या: पेजमेकर, कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव ही नावं डीटीपीवाल्यांच्या तोंडी असायची. या जुन्या फॉन्टांची रचना आजच्या युनिकोडसारखी नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं, रफार असे सुटे तुकडे बसवलेले असतात. कोणती कळ दाबली की कोणता तुकडा कुठे जोडायचा, हे पॅकेजमधला कीबोर्डचा प्रोग्राम ठरवतो. आणि आमचं पॅकेज उघडायला एक लॉक लागतं. काही जण त्याला डोंगल म्हणतात. पूर्वी ते प्रिंटरच्या पोर्टला लागायचं, नंतर यूएसबीचं आलं. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. ती पीसीच्या मागे लावलेली असते, वर्षानुवर्षं तिच्यावर धूळ बसते, आणि ती आहे हे आपण विसरून जातो. मीही विसरलो होतो.

जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं म्हणून ते संमेलन महाराष्ट्रभर गाजलं. आमच्या लक्षात मात्र ते वेगळ्या कारणानं राहिलं: गावात पाहुणे आले आणि प्रत्येकाला काहीतरी तातडीनं छापून हवं होतं. त्यातच पुण्याचा एक डिझायनर माझ्या दुकानात आला. त्याच्याकडे मॅकबुक होता. त्याची फाइल कोरलमधली निघाली. मी म्हटलं, “मॅकवर कोरल कसं उघडणार?” तो हसला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर विंडोज आलं. साधं, पूर्ण विंडोज. फाइल उघडली, मी छपाईसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रत काढली, तो पैसे देऊन गेला. मी मात्र कितीतरी वेळ त्याच टेबलाशी उभा होतो.

पुढची जवळजवळ तीन वर्षं मी ते दृश्य मनात जपलं. त्याला बूट कॅम्प म्हणतात हे शोधून काढलं. २००६ मध्ये ॲपलनं इंटेलचे प्रोसेसर घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून ही सोय आहे, हेही वाचलं. इथपर्यंत वाचलं आणि थांबलो. जे आवडलं ते वाचून झालं होतं.

मला मॅक कशाला हवा होता? घरी मी रंगांची अचूकता सांगितली. दुकानात येणाऱ्यांना सांगितलं की यात व्हायरस येत नाही. मिनी ऑफसेटवर बहुतेक पत्रिका एकाच रंगात छापणाऱ्या माणसानं रंगांच्या अचूकतेबद्दल बोलावं, याचं घरी कोणाला हसू आलं नाही, कारण घरच्यांचा माझ्यावर विश्वास होता. खरं कारण वेगळं होतं. आर्णी रोडला, दारव्हा रोडला नवी पोरं फ्लेक्सची चकाचक दुकानं टाकत होती, आणि माझ्या काउंटरवर पिवळा पडलेला कीबोर्ड होता. गिऱ्हाइकाला पडदा दिसतो, पडद्यामागचं दिसत नाही, असं माझं गणित होतं.

नोव्हेंबर २०२१. दिवाळी होऊन गेली होती. कोरोनामुळे दोन मोसम वाया गेल्यावर त्या वर्षी लग्नं धडाक्यात निघणार होती. आमच्याकडे कापसाचे पैसे हातात आले की पत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि त्या साली कापसाला भावही बरा होता. कटिंग मशीनसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. ते घेऊन मी नागपूरला गेलो. दुकानात चोवीस इंची आयमॅक ठेवला होता. निळा, साडेअकरा मिलिमीटर जाडीचा. किंमत १,१९,९०० रुपये. काउंटरवरच्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला: “यात विंडोज चालतं ना?”

“चालतं ना सर. पॅरलल्स टाकायचं, चालतं.”

मुलगा खोटं बोलला नाही. त्यात विंडोज चालतं. मी जे विचारलं त्याचं उत्तर मला बरोबर मिळालं.

एसटीचा संप सुरू होता, म्हणून मित्राच्या गाडीतून खोकं यवतमाळला आणलं. दुसऱ्या दिवशी दुकानात नारळ फोडला. आमच्याकडे कंपोझला एक ताई आहेत. रेमिंग्टन कीबोर्डवर मान वर न करता पान टाइप करतात. सगळे पडद्याचं कौतुक करत होते. ताईंनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, लॉक कुठं लावायचं?”

मागे दोनच भोकं होती, आणि दोन्ही नव्या टाइप-सीची. आमचं लॉक जुन्या यूएसबीचं. मी म्हटलं, “त्याला अडॅप्टर मिळतो, मागवू.” ताई “बरं” म्हणाल्या आणि जुन्या पीसीवर जाऊन बसल्या. लाखाच्या यंत्राबद्दल योग्य प्रश्न त्या दिवशी एकाच व्यक्तीनं विचारला, आणि मी त्याला अडॅप्टरचा प्रश्न समजलो.

बूट कॅम्प मी शोधत बसलो तो रात्री. मेनू धुंडाळले, सापडेना. मग इंटरनेटवर बघितलं आणि जे दोन वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडलं होतं ते पुढचं वाचलं. जून २०२० मध्ये ॲपलनं इंटेल सोडून स्वतःच्या चिप वापरायचं जाहीर केलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन चिपचे पहिले मॅक बाजारात आले. या नव्या मॅकना बूट कॅम्प नाही. पुण्याच्या डिझायनरचा मॅक आणि माझा मॅक यांच्यात फळ तेवढं सारखं होतं. ही बातमी गुप्त नव्हती. मी घेतला तेव्हा तिला वर्ष झालं होतं. मराठी पेपरांतही आली असणार, आणि मी तर रोज पेपर वाचणारा.

उरला पॅरलल्सचा मार्ग. मॅक चालू असतानाच त्याच्या पोटात दुसरा संगणक असल्याचा आभास हे सॉफ्टवेअर उभं करतं. पण एम-वन मॅकवर त्यात नेहमीचं विंडोज बसत नव्हतं, एआरएम जातीच्या चिपसाठी केलेलं वेगळं विंडोज लागायचं. ते तेव्हा दुकानात विकत मिळत नव्हतं. चाचणीसाठीची आवृत्ती मायक्रोसॉफ्टकडे नाव नोंदवून उतरवावी लागायची. (ॲपलच्या चिपवर पॅरलल्समध्ये विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टनं अधिकृत संमती दिली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. तोवर मी या विषयातून निवृत्त झालो होतो.) पॅरलल्सची वर्षाची वर्गणी भरली. विंडोज उतरायला लागलं. आमच्या इंटरनेटवर ते उतरेपर्यंत रात्र गेली. पण सकाळी पडद्यावर विंडोज होतं, आणि ते छान पळत होतं. कोरल टाकलं, उघडलं. जुनं पेजमेकर सातसुद्धा उघडलं. मी बायकोला फोन करून सांगितलं की जमलं.

अडॅप्टर आला. लॉक लावलं. लॉकमधला छोटा हिरवा दिवा लागला. त्या दिव्याचा मला जो आनंद झाला तो आठवला की अजून स्वतःची गंमत वाटते. मराठीचं पॅकेज उघडलं. पडद्यावर चौकट आली: लॉक सापडलं नाही. काढून लावलं. दिवा लागला. चौकट आली. दुसऱ्या भोकात लावलं. दिवा, चौकट. विंडोज पुन्हा चालू केलं, मॅक पुन्हा चालू केला, पॅकेज काढून पुन्हा टाकलं. दिवा प्रत्येक वेळी लागत होता, कारण दिव्याला फक्त वीज लागते.

कारण कळायला एका जाणत्या माणसाला फोन करावा लागला. एआरएमवरचं विंडोज इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम दुभाषा ठेवून चालवून घेतं. म्हणून कोरल उघडलं, पेजमेकर उघडलं. पण लॉक, जुना प्रिंटर, जुना स्कॅनर यांना विंडोजशी जोडणारा ड्रायव्हर असतो, आणि तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. आमचं लॉक कित्येक वर्षांपूर्वीचं. तेव्हा असलं काही होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे मी म्हशीसाठी संगमरवरी गोठा बांधला होता आणि त्याच्या दारातून म्हैस आत जात नव्हती.

इथे थांबलो असतो तर नुकसान पैशांपुरतं राहिलं असतं. पण एवढे पैसे घातल्यावर थांबायला जी अक्कल लागते, ती पैसे घालायच्या आधी लागणाऱ्या अकलेपेक्षा जास्त असते. मी नवी पद्धत काढली. मॅकवर युनिकोडमध्ये मराठी छानच लिहिता येतं. तेव्हा पत्रिका मॅकवर मांडायची, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवायचं, होकार आला की मजकूर पेनड्राइव्हनं जुन्या पीसीवर न्यायचा, कन्व्हर्टरनं जुन्या फॉन्टमध्ये बदलायचा आणि ट्रेसिंग काढायचं. सरळ पीसीवर टाइप केलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं. पण मग मॅक कशाला घेतला, हा प्रश्न आला असता.

ताईंची बोटं रेमिंग्टनला बसलेली. मॅकच्या कीबोर्डवर त्यांचा वेग लहान मुलासारखा झाला. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. फक्त टाइप करताना मान वर करायला लागल्या, आणि ते मला दिसत होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात कुऱ्हा नावाचं गाव आहे. वरपक्ष तिथला होता. पत्रिकेत ‘कुऱ्हा’ आलं, आणि खाली ‘समस्त वऱ्हाडी मंडळी’ आलं. या ‘ऱ्ह’मधला र जुन्या काळी कंपोझिटर वेगळा खिळा काढून बसवत. युनिकोडमध्ये तो नीट दिसावा म्हणून काही वेळा मध्ये एक न दिसणारं चिन्ह घातलेलं असतं. कन्व्हर्टरला जे दिसत नाही ते त्यानं गाळलं. त्यामुळे र उडून रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसला: ‘कुर्हा’, ‘वर्हाडी’. गिऱ्हाइकानं मॅकवरचं प्रूफ पाहून होकार दिला होता. त्यात सगळं बरोबर होतं. ट्रेसिंग मी स्वतः तपासलं. प्रूफ एकदा वाचलंय, आता काय बघायचं, अशा नजरेनं. पाचशे पत्रिका छापून, घडी घालून, गणपती वर ठेवून दिल्या.

मुलीचे वडील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन परत आले. आवाज चढवला नाही. एक पत्रिका काउंटरवर ठेवली, गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, सोयऱ्याच्या गावाचं नावच चुकलं. आता तिकडं कोणत्या तोंडानं देऊ जी?” मग त्यांची नजर निळ्या पडद्याकडे गेली. “एवढा महागाचा कम्पुटर घेतला, अन् त्याले आपली मराठी येत नाही काय?”

पत्रिका पुन्हा छापून दिल्या, अर्थात माझ्या खर्चानं. ते पुढच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी आले नाहीत. कागदाच्या पैशांपेक्षा ते जास्त होतं.

त्याच डिसेंबरात राळेगाव, कळंब, बाभूळगाव या नगरपंचायतींच्या निवडणुका होत्या. निवडणुकीचं पत्रक दुपारी येतं आणि संध्याकाळी वाटायला हवं असतं. माझ्या नव्या पद्धतीत दुपारचं काम दुसऱ्या दिवशी व्हायचं. दरवेळी येणारे दोन कार्यकर्ते वाट पाहून गेले. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव छापावं लागतं, हा कायदा आहे. त्यामुळे आपलं काम कोणाकडे गेलं याच्या चौकशीची गरज नसते. चहाच्या टपरीवर पडलेलं पत्रक उचलायचं आणि तळाची बारीक ओळ वाचायची. मी त्या मोसमात बऱ्याच ओळी वाचल्या.

यंत्र परत करायचं म्हटलं तर खोकं फोडलेलं. विकायचं म्हटलं तर घेणारा विचारणार, का विकता? मग वाटलं, निदान पडदा तरी वापरू. जुन्या पीसीला मॉनिटर म्हणून जोडू. काही जुन्या आयमॅकना ती सोय होती. २०१४ नंतरच्या मॉडेलांना नाही. असं काही कळलं की आता मला आश्चर्य वाटत नव्हतं.

तोडगा शेवटी निघाला, आणि तो इतका सोपा होता की लाज वाटावी. जुना पीसी टेबलाखाली ढकलला. लॉक त्याच्या मागे होतं तिथेच राहिलं. त्यात विंडोजची प्रो आवृत्ती विकत घेऊन टाकली, कारण साध्या आवृत्तीत बाहेरून शिरता येत नाही. मॅकवर मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप फुकट मिळत होतं. दोन्ही यंत्रं एका वायरीच्या जाळ्यात आणली. आता पडदा मॅकचा, काम टेबलाखालच्या डब्याचं. ताईंनी स्वतःचा जुना कीबोर्ड मागून घेतला. काउंटरपलीकडून पाहणाऱ्याला वाटतं, काय भारी यंत्रावर काम चालतं इथे. म्हणजे ज्यासाठी घेतला होता ते साधलं.

कटिंग मशीन दोन वर्षं लांबलं. तोवर कागद कापायला शेजारच्या प्रेसमध्ये जात होता. निवडणुकीची माझी पत्रकं ज्यांनी छापली, त्याच प्रेसमध्ये.

नंतर मी स्वतःला बरेच प्रश्न विचारले. इंटरनेट होतं, फोन होता, गावात संगणक शिकवणाऱ्या चार संस्था होत्या. लॉक शर्टाच्या खिशात मावतं. नागपूरला जाताना ते पीसीमागून उपसून खिशात टाकलं असतं आणि त्या मुलाला म्हटलं असतं, “हे लाव आणि ‘क’ काढून दाखव,” तर पाच मिनिटांत निकाल होता. ते सुचलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे. पण मला वाटतं, सुचू दिलं नाही. आत कुठेतरी शंका होती, म्हणून प्रश्न असा निवडला की उत्तर ‘हो’ येईल, आणि विचारला अशाला की ज्याला ‘हो’ म्हणायचा पगार मिळतो. ताईंना विचारलं नाही. त्या बावीस वर्षांची फाइल उघडून बसल्या होत्या आणि हात पुढे केला तर लागतील इतक्या जवळ होत्या.

जुन्या फॉन्टमधून बाहेर पडायचं काम त्या धक्क्यानंतर सुरू केलं. नवी कामं आता युनिकोडमध्ये घेतो. जुन्या फाइली मात्र लॉकच्या पलीकडेच आहेत. दारव्ह्याचा दुकानदार बिलबुक संपलं की येतो आणि म्हणतो, मागच्यासारखंच करा. त्यासाठी डबा चालू ठेवावा लागतो. आता त्याच्यावरची धूळ दर शनिवारी मी पुसतो, आणि ‘ऱ्ह’ दिसला की पान खिडकीशी नेऊन वाचतो.

मागच्या वर्षी ओळखीचे एक करसल्लागार दुकानात आले. काउंटरवरचा आयमॅक पाहून म्हणाले, “घ्यायचा विचार आहे हो. टॅली तर विंडोजचं. यात विंडोज चालतं ना?”

मी म्हटलं, “चालतं.”

त्यांचा चेहरा उजळला. तो उजेड मला ओळखीचा होता. म्हणून पुढचंही सांगितलं: तुमचं डिजिटल सहीचं टोकन, ते यूएसबीचं, घेऊन या. या माझ्या मॅकवर लावू, सही उमटते का बघू, मग घ्या. “आणतो, आणतो,” म्हणाले. टोकन काही आलं नाही. पंधरवड्यानं व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटो आला. मी अंगठा पाठवला.

जीएसटीच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की दिवा लागतोय आणि सही उमटत नाही. जाऊन त्यांच्या जुन्या पीसीला टोकन लावलं, सही तिथूनच उमटवली, आणि बाकीच्या कामासाठी मॅकवर रिमोट डेस्कटॉप टाकून दिलं. त्यांनी व्हिजिटचे किती झाले विचारलं. मी ‘राहू द्या’ म्हणणार होतो, पण पाचशे घेतले. आयमॅकनं आजवर थेट कमावलेली रक्कम तेवढीच.